सूर मारायचा, बॉम्ब सोडायचा आणि वेळेत वर यायचं: डाइव्ह बॉम्बिंगमागचं गणित

डाइव्ह बॉम्बिंग म्हटलं की बहुतेकांना दुसरं महायुद्धच आठवतं, जर्मनांचं स्टुका, त्याचा तो अंगावर काटा आणणारा भोंगा, नाहीतर जून १९४२ मधली मिडवेची लढाई. पण मला विचाराल तर खरा मजेशीर काळ त्याच्या नंतरचा आहे, १९४५ ते साधारण १९६० चा. एकीकडे पंख्याची विमानं अजून सूर मारतायत, दुसरीकडे जेट आलंय, आवाजाच्या वेगाजवळ विमानाचं नेमकं काय होतं हे कुणाला धड माहीत नाही, आणि अणुबॉम्बमुळे हे सगळं करायचं तरी कशाला असाही प्रश्न पडलाय. सिनेमात हे सगळं नुसतं धाडसाचं काम वाटतं. धाडस लागतंच, नाही कोण म्हणतंय, पण आत बघितलं तर हा सगळा हिशोब आहे, उंचीचा आणि वेगाचा, आणि त्या हिशोबातले आकडे काढायला टेस्ट पायलट नावाच्या लोकांनी काय काय केलंय ते बघितलं की कळतं हे आकडे किती महाग पडलेत.

आधी सूर मारायचाच का? सरळ उडत जाऊन वरून बॉम्ब सोडला की झालं, असं वाटतं. पण चालत्या एसटीच्या खिडकीतून पेरू खाली सोडला तर तो सोडला तिथे पडत नाही, गाडीबरोबर पुढे जाऊन पडतो, बॉम्बचंही तेच. २०,००० फुटांवरून सोडलेला बॉम्ब खाली यायला ३५ सेकंद तरी लागतात, आणि तेवढ्यात ३० नॉट, म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर वेगानं पळणारं जहाज अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे तुम्ही कितीही नेम धरा, जहाजाच्या कॅप्टननं सुकाणू फिरवलं की संपलं. मग उपाय काय तर विमानाचं नाकच लक्ष्याकडे करायचं, जवळ जायचं आणि मग सोडायचं. बॉम्बला जायची दिशा आधीच मिळालेली असते, त्याला फक्त शेवटचा थोडा प्रवास करायचा असतो.

हे थोडं आकड्यात बघू, म्हणजे नीट कळेल. समजा वेग ३०० नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण १५४ मीटर, आणि बॉम्ब ३,००० फुटांवर सोडला. हवेचा विरोध सध्या बाजूला ठेवू. ६० अंशाच्या सुरात असाल तर बॉम्ब पावणेसहा सेकंदात जमिनीवर येतो आणि विमानाचं नाक जिथे रोखलेलं होतं त्याच्या जेमतेम ९० मीटर अलीकडे पडतो. तोच बॉम्ब ३० अंशाच्या उथळ सुरातून सोडला तर आठ सेकंद घेतो आणि ५३० मीटर अलीकडे पडतो! म्हणून गनसाइटमधला, म्हणजे नेम धरायच्या काचेतला ठिपका विमानाच्या नाकाच्या दिशेपेक्षा ठरावीक प्रमाणात खाली सेट करतात, तो ठिपका लक्ष्यावर ठेवला की नाक आपोआप लक्ष्याच्या पलीकडे रोखलं जातं. हे खाली करणं मिल या मापात मोजतात, हजार फुटांवर एक फूट म्हणजे एक मिल.

आता खरी गोम. कोन चुकला तर काय होतं? पायलटला वाटतंय आपण ६० अंशात आहोत पण प्रत्यक्षात ५५ आहे, साइट तीच, उंची तीच, तर बॉम्ब साधारण २० मीटर अलीकडे पडेल. पण ३० समजून २५ मध्ये असेल तर चूक ६० मीटरच्या वर जाते. म्हणजे चूक तेवढीच, पाच अंशांची, पण शिक्षा तिप्पट. म्हणून जुने डाइव्ह बॉम्बर ६०-७० अंशात सूर मारायचे, स्टुका तर कधीकधी ९० अंशातही, सरळ खाली. आपल्याकडेही, म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रननी व्हल्टी व्हेंजन्स नावाचं असंच जवळजवळ उभा सूर मारणारं विमान वापरलं होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मग नेहमी उभाच सूर का नाही मारायचा? कारण परत वर यायचंय. सुरातून बाहेर पडताना विमान एक मोठा वर्तुळाकार बाक घेतं आणि त्या बाकात किती उंची खर्च होणार हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं, शाळेत शिकलेला तोच वर्ग. ३०० नॉट, ६० अंश, पायलटनं ४ जी ओढले, म्हणजे शरीराचं वजन चौपट झालं, तर वर यायला साधारण १,२०० फूट खर्च होतात. वेग ४५० नॉट केला, म्हणजे फक्त दीडपट, तर २,७०० फूट! शिवाय ओढायला सुरुवात करण्याआधी एक सेकंद जरी उशीर झाला तरी ३०० नॉटला ४४० फूट गेले आणि ४५० ला ६५० फूट गेले. आणि स्वतःच्याच बॉम्बचे तुकडे उडून आपल्याला लागू नयेत म्हणूनही काही उंची राखून ठेवायची असते. हे सगळं वजा करत करत जो आकडा उरतो तो असतो बॉम्ब सोडायच्या उंचीचा, तिथे पायलटच्या मर्जीला जागा नाही.

म्हणजे वेग कमी ठेवणं आलं, आणि त्यासाठी डाइव्ह ब्रेक. पंखावर किंवा विमानाच्या अंगावर मोठमोठ्या फळ्या उघडायच्या, हवा अडवायची. मिडवेच्या लढाईतल्या अमेरिकन डॉन्टलेस विमानाच्या फळ्यांना भोकं पाडलेली असायची, कारण सबंध फळीमागे हवेचे जे भोवरे तयार होतात ते शेपटीला जाऊन धडकतात आणि सगळं विमान थरथरायला लागतं, भोकांमुळे ते बरंच कमी व्हायचं. युद्धानंतर अमेरिकन नौदलाचा जो मुख्य सूरवीर ठरला त्या डग्लस स्कायरेडरला ब्रेक पंखावर नव्हतेच, ते पोटाच्या दोन बाजूंना आणि एक खाली असे तीन होते, पंख बॉम्ब टांगायला मोकळे.

स्कायरेडरची जन्मकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून १९४४, वॉशिंग्टन, डग्लस कंपनीचा डिझायनर एड हाइनमन नौदलाच्या मीटिंगमध्ये बसलाय आणि त्याच्या कंपनीच्या आधीच्या विमानावर कुणी खूश नाहीये. त्यानं स्वतःच सांगितलं की ते रद्द करा, त्या पैशात नवीन देतो, महिनाभर द्या. उत्तर आलं, उद्या सकाळी नऊला आणा. दोन सहकाऱ्यांना घेऊन हॉटेलच्या खोलीत रात्रभर बसून त्यानं नवीन विमानाचा आराखडा काढला, आणि १८ मार्च १९४५ ला ते विमान उडालंसुद्धा. हाइनमनचं वजनाचं वेड प्रसिद्ध आहे, त्याचा हिशोब असा की दर १०० पौंड वजन कमी केलं की टेकऑफचं अंतर ८ फुटांनी कमी होतं आणि लढाईला जाऊन परत येता येईल असं अंतर २२ मैलांनी वाढतं. मे १९४५ मध्ये ५४८ विमानांची ऑर्डर मिळाली, युद्ध संपलं म्हणून ती २७७ वर आली, पण विमान इतकं कामाचं निघालं की उत्पादन १९५७ पर्यंत चालू राहिलं आणि तीन हजारांवर विमानं बनली. अर्थात वजन कमी करायचं म्हणजे कुठेतरी ताकदही पणाला लागते, पहिल्या मॉडेलचे पंख आणि लँडिंग गिअर पुढच्या मॉडेलमध्ये मजबूत करावे लागले.

इथे टेस्ट पायलट येतो. डिझायनर म्हणतो विमान अमुक जी सहन करेल, कारखान्यात एक पंख जॅक लावून मुद्दाम मोडूनही बघतात, नियम असा की कमाल ठरवलेल्या जीच्या दीडपट ताण येईपर्यंत तो मोडता कामा नये. पण जमिनीवरचा पंख आणि सुरात वाऱ्याशी झुंजणारा पंख यात फरक आहे, तिथे पंख पिळवटतो, शेपूट फडफडते, सगळं एकदम चालू असतं. म्हणून कुणीतरी वर जाऊन खरंच तो सूर मारून, खरंच तेवढे जी ओढून दाखवावे लागतात. अमेरिकन नौदलात आधी कंपनीचा पायलट हे करून दाखवायचा आणि मग मेरीलँडमध्ये चेसापीक खाडीकाठच्या पॅटक्सेंट रिव्हर या तळावर नौदलाचे पायलट स्वतः तपासायचे. तिथलं टेस्ट सेंटर १९४५ मधलं, आणि तिथल्याच टेस्ट पायलट स्कूलमधून पुढे ॲलन शेपर्ड, जॉन ग्लेनसारखे अंतराळवीर निघाले.

यांचं काम करायची पद्धत बघितली तर जरा कंटाळवाणीच वाटेल, आणि ती तशीच हवी. पहिल्याच दिवशी कुणी कमाल वेगाला जात नाही. थोडा वेग, थोडे जी, खाली येऊन नोंदी बघायच्या, मेकॅनिकनं रिव्हेट तपासायचे, कुठे पत्र्याला सुरकुती आलीय का बघायचं, मग दुसऱ्या उड्डाणात अजून थोडा वेग. एकावेळी एकच गोष्ट बदलायची. नोंदी कशा ठेवायच्या तर तेव्हा कॉम्प्युटर कुठला, विमानात आत एक जास्तीचा मीटरचा बोर्ड लावायचा आणि त्याच्यासमोर मूव्ही कॅमेरा, तो सुराच्या वेळी सगळे काटे शूट करत राहणार आणि नंतर एक माणूस बसून फ्रेमागणिक आकडे उतरवून घेणार. पायलट काय बोलला त्यापेक्षा त्या फिल्मवर जास्त भरवसा, कारण ६ जी मध्ये ७० किलोच्या माणसाचं वजन ४२० किलो होतं, डोळ्यापुढे अंधारी येते, तेव्हा त्याला काय आठवणार!

आधीच्या काळात हे इतकं शिस्तीत नव्हतं. मार्च १९३५ मध्ये ग्रुमन कंपनीच्या नव्या फायटरचे असे सूर मारताना जिमी कॉलिन्स नावाचा फ्रीलान्स टेस्ट पायलट गेला, पुलआउटमध्ये, म्हणजे सुरातून वर येताना, विमान हवेतच तुटलं. १९४१ च्या डिसेंबरमध्ये हेलडायव्हर या डाइव्ह बॉम्बरचा पहिला नमुना सुराच्या चाचणीत पंख मोडून पडला, तो पायलट पॅराशूटनं वाचला.

पण युद्धाच्या काळातच एक नवीन भूत समोर आलं होतं आणि युद्धानंतर ते अजून मोठं झालं, कॉम्प्रेसिबिलिटी. विमान आवाजाच्या वेगाच्या आत असलं तरी पंखाच्या फुगीर भागावरून जाणारी हवा जास्त वेगानं पळते आणि ती आधीच आवाजाचा वेग ओलांडते. मग तिथे शॉकवेव्ह तयार होते, पंखाची उचल मागे सरकते, नाक अजून खाली झुकतं, आणि शेपटीवरचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वरखाली करणारी फळी, काम करेनासा होतो. म्हणजे पायलट दोन्ही हातांनी स्टिक ओढतोय आणि विमान उलट जास्तच खाली चाललंय. सुटका बरेचदा खाली गेल्यावरच व्हायची, कारण खालची हवा गरम असते, गरम हवेत आवाजाचा वेग जास्त असतो आणि दाट हवेनं विमानही मंदावतं, त्यामुळे विमान आवाजाच्या वेगापासून परत लांब जातं. अर्थात तोपर्यंत खाली उंची शिल्लक असेल तर.

२७ सप्टेंबर १९४६ ला इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅविलंड ज्युनियर डीएच १०८ नावाच्या बिनशेपटीच्या जेटमध्ये मेला, विमान टेम्सच्या मुखाजवळ हवेतच फुटलं. तपासणीत दिसलं की त्याची मान मोडलेली होती. हे कसं झालं ते शोधायला त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात बसवलं एरिक ब्राऊनला, हा नौदलाचा पायलट, आयुष्यात ४८७ प्रकारची विमानं उडवलेला माणूस. त्यानं हळूहळू वेग वाढवत नेला, आणि एका क्षणी विमान एकदम वरखाली असं काही आपटायला लागलं की त्याची हनुवटी छातीवर, डोकं मागे, परत छातीवर. त्यानं स्टिक आणि थ्रॉटल दोन्ही मागे ओढले आणि विमान थांबलं. ब्राऊन उंचीनं लहान होता आणि त्यानं सीट खाली घेतलेली होती, म्हणून डोकं कॅनोपीवर, म्हणजे वरच्या काचेवर, आदळलं नाही. उंचपुरा डी हॅविलंड त्याच धक्क्यांत गेला असणार हे त्यानंतर लोकांच्या लक्षात आलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण ब्राऊन काही विक्रम करायला गेला नव्हता, एक माणूस का मेला एवढंच बघायला गेला होता. त्या जातीची तीनच विमानं बनली आणि तिन्ही पायलटसकट गेली, पण त्यातल्याच एकात ६ सप्टेंबर १९४८ ला जॉन डेरीनं आवाजाचा वेग ओलांडला, तोही सूर मारूनच. तिकडे अमेरिकेत सेबर या जेट फायटरच्या नमुन्यानं एप्रिल १९४८ मध्ये सूर मारूनच तो ओलांडला होता. आणि १२ ऑक्टोबर १९५४ ला जॉर्ज वेल्श हा टेस्ट पायलट एफ-१०० हे जेट फायटर घेऊन वेगवान सुरातून जोरात पुलआउट करताना गेला, त्या विमानाची उभी शेपटी लहान पडत होती, नंतर ती मोठी केली.

या सगळ्यातून शेवटी काय हाती येतं तर पायलटच्या मॅन्युअलमधली एक छोटी आकृती. आडव्या अक्षावर वेग, उभ्या अक्षावर जी, आणि मध्ये एक बंद रेघ, हिच्या आत राहायचं. ट्रेनिंगला आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला ती रेघ पाठ करायला लावतात.

आता त्या पोराकडे वळू. स्कायरेडरचं प्रगत ट्रेनिंग टेक्सासमध्ये कॉर्पस क्रिस्टीजवळ व्हायचं आणि बॉम्बिंगच्या सरावासाठी कॅलिफोर्नियातलं एल सेंट्रोचं वाळवंट प्रसिद्ध होतं. खरे बॉम्ब सरावाला परवडत नाहीत, म्हणून छोटे सराव बॉम्ब, एक तीन पौंडांचा, एक पंचवीस पौंडांचा, नाकात धुराचं काडतूस, पडला की पांढरा धूर. जमिनीवर एकात एक वर्तुळं आखलेली. लांब दोन मनोरे, दोन्हीकडून धुराचा कोन मोजायचा, रेघा जिथे छेदतात तिथे बॉम्ब. मग रेडिओवर निकाल, सहा वाजता ७५ फूट, म्हणजे लक्ष्याच्या अलीकडे ७५ फूट. अख्ख्या स्क्वाड्रनसमोर हे बोललं जायचं, त्यामुळे मेसमधली चेष्टा वेगळी.

एक फेरी कशी असायची ते बघा. दहा हजार फुटांवर चार विमानं एकामागे एक तिरक्या ओळीत. मास्टर आर्म स्विच, म्हणजे बॉम्बचा मुख्य स्विच, ऑन, मिल सेट, डाइव्ह ब्रेक उघडे. लक्ष्य पंखाखालून मागे सरकतंय, लवकर वळलात तर सूर उथळ होणार आणि उशीर केला तर फार उभा. मग विमान जवळजवळ उलटं करून नाक लक्ष्याकडे खेचायचं, परत सरळ करायचं, आणि आता फक्त काही सेकंद आहेत. पंख्याच्या विमानात वेग वाढला की नाक बाजूला ओढलं जातं, पाय सतत रडरवर, टर्न इंडिकेटरमधली गोळी मधोमध ठेवायची, गोळी बाजूला गेली की विमान तिरकं घसरतंय आणि बॉम्बही तिकडेच जाणार. वारा दहा नॉटचा असेल तर पावणेसहा सेकंदात बॉम्बला ३० मीटर सरकवतो, त्यामुळे ठिपका वारा येतो त्या बाजूला थोडा सरकवून ठेवायचा. आणि उंची बघायची, पण सुरात अल्टिमीटर मागे पडतो, काटा ३,५०० दाखवतोय तेव्हा विमान त्याच्याही खाली गेलेलं असतं, हे मनात धरून आधीच बटण दाबायचं. दाबलं की लगेच ओढायचं, पोट आवळून, रक्त खाली उतरू नये म्हणून घातलेला जी सूट फुगतोय, मान वळवून बॉम्ब कुठे पडला ते बघायला जायचं नाही.

इन्स्ट्रक्टर चुका बॉम्बच्या जागेवरूनच ओळखतो. उथळ सूर, अलीकडे. जास्त उभा, पलीकडे. वेग जास्त, पलीकडे. उंचावर सोडला, अलीकडे, आणि खाली सोडला तर पलीकडे. गंमत अशी की दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात, उथळ सूर आणि उशिरा सोडलेला बॉम्ब, बरोबर मधोमध! पोरगं खूश, इन्स्ट्रक्टर वैतागलेला, कारण नेम लागला तो नशिबानं. म्हणून एका बॉम्बवर कुणाला जोखत नाहीत, दहा-बारा टाकून त्यातले निम्मे ज्या वर्तुळात बसतात त्याचा रेडियस धरतात.

सगळ्यात भयंकर चूक मात्र बॉम्बची नाही, नजरेची असते. लक्ष्य हलतंय, ठिपका थोडा बाजूला आहे, जरासं अजून, जरासं अजून, आणि या नादात उंची संपते. चांगले चांगले पायलट असे सरळ जमिनीत गेलेत. म्हणून नियम एकच, ठरलेल्या उंचीला सूर जमला नसेल तर बॉम्ब न टाकता वर यायचं. सांगायला सोपं आहे हे. स्कोअर लागत असताना तसंच परत येणं तरुण पोराला किती जड जातं ते इन्स्ट्रक्टरला पक्कं माहीत असतं.

जेट आल्यावर उभा सूर हळूहळू गेला, का ते वरच्या आकड्यातच आहे, ४५० नॉटला उंचीचा खर्च परवडत नाही. हाइनमनच्याच स्कायहॉक या जेटचे पायलट साधारण ३० ते ४५ अंशात बॉम्ब टाकायचे, म्हणजे नेमाची चूक वाढली पण जीव राहिला. आणि अणुबॉम्बसाठी तर सूर मारणं म्हणजे आत्महत्या. मग एक भलतीच युक्ती काढली, जमिनीलगत यायचं, लक्ष्यावर पोचलं की ४ जी ओढून लूप घ्यायचा, विमान उभं होऊन थोडं मागे कलंडलं की जायरोवर चालणारं यंत्र बॉम्ब सोडतं, बॉम्ब वर जातो, तो वर जाऊन खाली येईपर्यंत विमान उलटं फिरून पळून गेलेलं असतं. पायलटनी त्याला नाव ठेवलं इडियट लूप. स्कायरेडरलाही हे काम दिलं होतं, पंख्याच्या विमानाला! त्याचे पायलट तासन्‌तास झाडांच्या उंचीवरून उडायचा सराव करायचे, त्या फेऱ्यांना सँडब्लोअर म्हणायचे. परत येताना त्या स्फोटातून हे विमान कितपत सुटलं असतं हा प्रश्न मी तरी न विचारलेलाच बरा.

आपल्याकडे हे टेस्ट पायलटचं काम कुठे होतं तर बंगळूरला, मारुत हे भारतात विकसित झालेलं पहिलं जेट फायटर सुरंजन दास यांनी जून १९६१ मध्ये पहिल्यांदा उडवलं आणि जानेवारी १९७० मध्ये त्याच्याच सुधारित नमुन्यात टेकऑफनंतर त्यांचा मृत्यू झाला. नाशिकजवळ ओझरला एचएएलची मिग आणि नंतर सुखोई बनली, तिथलं प्रत्येक नवं विमानही सुपूर्द करायच्या आधी टेस्ट पायलट उडवून बघतो, पण ते काम वेगळं, तिथे मर्यादा आधी ठरलेली असते, हे विमान त्यात बसतंय का एवढं बघायचं असतं.

१९७० च्या आसपास अमेरिकेच्या ए-७ या जेटमध्ये कॉम्प्युटर आणि हेड-अप डिस्प्ले, म्हणजे पायलटच्या डोळ्यांसमोर माहिती दाखवणारी काच, आली. वेग, कोन, उंची, वारा हे सगळं तोच मोजून बॉम्ब आत्ता सोडला तर कुठे पडेल ते काचेवर दाखवायला लागला, मिल सेट करणं आणि उथळ-उभ्याची ती सगळी आकडेमोड पायलटच्या डोक्यातून गेली. स्कायरेडर त्याच्या थोडं आधी, १९६८ मध्ये, अमेरिकन नौदलाच्या लढाऊ कामातून निवृत्त झालं होतं. पुलआउटला लागणारी उंची मात्र कॉम्प्युटरला कमी करता आली नाही, म्हणून आजच्या हेड-अप डिस्प्लेवरही खाली फार गेलात तर ब्रेकअवेची, म्हणजे लगेच वर ओढा सांगणारी, मोठी फुली येते आणि तेव्हा ओढायचं काम अजूनही बहुतेक विमानांत माणसालाच करावं लागतं.